३१ डिसेंबरच्या रात्रीच्या सभेबाबत सूचना

दारू सोडण्यासाठी एकत्र आलेल्या आपल्या गटाच्या सर्व सभासदांना कळविण्यात येते की, नाताळापासून नववर्षापर्यंत पार्ट्यांमध्ये पिण्यासाठी होणारा आग्रह लक्षात घेऊन ३१ डिसेंबर रोजी आपली सभा सायंकाळी ७ ते रात्री १२.३० या वेळेत नेहमीच्या सभागृहात होईल. कुटुंबीयांनाही सोबत आणावे. पावभाजी व मसाला दुधाची व्यवस्था आहे.

– पार्टीस जावेच लागले, तर आपला ग्लास स्वतः भरावा आणि "आज एकच घे रे" असे कोणी म्हणताच तेथून निघून एखाद्या सभासदास फोन करावा.

– डायसल्फिरामची गोळी (दारू सोडण्यासाठीचे औषध; ती घेत असताना मद्य पोटात गेल्यास तीव्र त्रास होतो) घेणाऱ्यांनी रम घातलेला केक आणि मद्यार्क असलेले खोकल्याचे औषधही टाळावे. त्या रात्रीपुरती गोळी बंद ठेवून पिणे अत्यंत धोक्याचे आहे, कारण तिचा परिणाम शरीरात दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो.

मध्यंतरी ज्यांच्याकडून पुन्हा दारू घेतली गेली, त्यांनी तर अवश्य यावे. त्यांना कोणीही जाब विचारणार नाही.