सावली पडते कुठे, ते आधी बघा

संपादक महोदय,

कालच्या अंकात सावली देणाऱ्या कलाकृतींवर अर्धं पान दिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. पण सोबतचं छायाचित्र रात्रीचं का? जांभळ्या दिव्यांत उजळलेला मंडप पाहून त्याखाली दुपारी उभं राहता येतं की नाही, हे वाचकाला कसं कळावं?

आमच्या चौकात असाच एक पोलादी मंडप उभा केला आहे. उंच, देखणा, वेलबुट्टीची नक्षी कापलेला. गेल्या मे महिन्यात आईला दवाखान्यातून आणताना बससाठी आम्ही बरोबर त्याच्याखाली थांबलो. दुपारचे तीन वाजले असतील. डोक्यावर मंडप, तरी ऊन थेट अंगावर! सावली पडली होती शेजारच्या हिरवळीवर. तिला कुंपण आणि 'आत जाण्यास मनाई' अशी पाटी. बसायला बाक नाही. आईने आधारासाठी खांबाला हात लावला आणि चटका बसून लगेच मागे घेतला. तो प्रसंग आठवला की आजही संताप होतो.

सूर्य पश्चिमेला कलला की सावली पूर्वेकडे सरकते आणि छत जितकं उंच, तितकी ती लांब जाते. सूर्य पंचेचाळीस अंशांवर असेल तर चाळीस फुटांवरच्या छताची सावली चाळीस फूट दूर पडणार. ही शाळेतली भूमिती आहे. 'परिसर थंड होतो' असं लेखात म्हटलं आहे, तेही तपासून घ्या. उघड्या जागी सावलीमुळे हवेचं तापमान फारसं उतरत नाही. अंगावरचं ऊन अडतं, खालची फरशी तापत नाही, म्हणून बरं वाटतं. पत्र्याचं छत मात्र स्वतःच तापून खालच्यांवर धग टाकतं.

मदिनेतल्या मशिदीच्या प्रांगणात सुमारे अडीचशे प्रचंड छत्र्या आहेत. पांढऱ्या कापडाच्या या छत्र्या दिवसा उघडतात आणि रात्री मिटतात, म्हणजे फरशीत साठलेली उष्णता वर निघून जाते. शिवाय त्या सुंदर आहेत. सौंदर्याला माझा विरोध नाहीच. पण लॉस एंजेलिसमधल्या डिस्ने कॉन्सर्ट हॉलचे काही चकचकीत पत्रे समोरच्या घरांवर आणि पदपथावर ऊन फेकू लागले, तेव्हा २००५ साली ते घासून निस्तेज करावे लागले. त्याच शहरात २०२३ मध्ये बसथांब्यावर जाळीदार धातूची एक अरुंद पट्टी 'सावली' म्हणून लावली. जेमतेम एका माणसापुरती सावली! तिची जगभर टिंगल झाली. आपल्याकडच्या मंडपांचं उद्घाटन होतं, टाळ्या वाजतात, आणि मे महिन्यात दुपारी तिथे कोण उभं राहतं हे पाहायला कुणी येत नाही.

आणखी एक. हा मंडप उभारण्यासाठी चौकातला जुना कडुनिंब तोडला. त्याची सावलीही फुकट होती आणि पानांतून उडणाऱ्या बाष्पामुळे येणारा गारवाही. त्याच्या बदल्यात रोपं लावू, असं तेव्हा सांगितलं होतं. ती कुठे लावली, जगली का, याची विचारणा तुमच्या वार्ताहराने महापालिकेकडे करावी आणि मिळेल ते उत्तर छापावं, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक