चिऊच्या अंगणवाडीविषयी आई-बाबांना पत्र

बेळगाव

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

बाबा, माझ्या चिऊच्या मागे एवढ्यात दवाखाना आणि शाळा लावायची घाई कशाला, आपल्या घरातली आणखीही मुले उशिरानेच बोलली, असे तुम्ही फोनवर म्हणालात. तुमचा जीव तिच्यासाठी तुटतो हे मला ठाऊक आहे, म्हणूनच सविस्तर लिहिते आहे.

उशिरा बोलणारी मुले असतात. पण दोन वर्षांचे मूल साधारणपणे ‘आई ये’, ‘पाणी दे’ एवढे जोडून बोलते. चिऊचे तिसरे वर्ष संपत आले तरी ती एकेकट्या शब्दापुढे जात नाही, चालायलाही ती दीड वर्षानंतर लागली, आणि हाक मारल्यावर वळून पाहीलच असा भरवसा नसतो. बोलणे, चालणे आणि माणसांत रमणे या तिन्ही बाबतींत मूल मागे असेल, तर नुसती वाट पाहू नये, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. ती झोपेत असताना कानांची बेरा चाचणी करून घेतली आणि ऐकू नीट येते हे कळले, तेव्हा एक मोठी शंका फिटली.

जिल्हा पातळीवर अशा मुलांसाठी लवकर उपचार देणारे सरकारी केंद्र असते. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली ही केंद्रे उभी राहिली, आणि बालरोगतज्ज्ञ, वाचा-उपचार करणारे, फिजिओथेरपिस्ट आणि मानसशास्त्रज्ञ यांनी मुलाला एकाच ठिकाणी पाहावे अशी त्यांची रचना आहे. त्याच कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाड्यांत येऊन मुलांची तपासणी करते. आपल्या खानापूर तालुक्यातल्या आयाबायांना हे कोणी सांगत नाही, याचे मला फार वाईट वाटते. आई, तुझ्या ओळखीत असे मूल असेल तर आशाताईंना एवढे जरूर विचारायला सांग.

शहरातल्या एका बालवाडीने मात्र ‘बोलायला लागली की आणा’ असे सांगून आम्हाला परत पाठवले, आणि घरी मराठी बंद करून फक्त इंग्रजीत बोला, असा सल्लाही दिला. हा सल्ला मला मुळीच पटला नाही. दोन भाषा कानावर पडल्यामुळे मुलाचे बोलणे मागे पडते, या समजुतीला संशोधनाचा आधार नाही. उलट आई-आजी ज्या भाषेत मनापासून बोलतात, तीच भाषा मुलाला आधी हवी. चिऊच्या वाचा-उपचार करणाऱ्या बाई स्वतः कन्नड बोलणाऱ्या आहेत, तरी घरी मराठीतच बोला, असा त्यांचा आग्रह आहे. कन्नड तिला अंगणातल्या मुलांकडून येईलच.

म्हणून आम्ही घराजवळच्या अंगणवाडीत तिचे नाव घातले आहे. शिक्षणहक्क कायदा सहा वर्षे पूर्ण झाल्यावर लागू होतो, आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातही मोफत शिक्षणाचा हक्क सहा ते अठरा या वयासाठीच आहे. मेंदूची वाढ सर्वांत वेगाने होते ती वर्षे मात्र त्याआधीची. ही मधली वर्षे रिकामी जाऊ द्यायची नसतील, तर आपल्यासारख्यांना अंगणवाडीच जवळची. नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्र सरकारने अंगणवाडीतील दिव्यांग मुलांसाठी कार्यपद्धती जाहीर केली, तीतही अशा मुलांना इतरांबरोबरच बसवावे, असे म्हटले आहे. तिथल्या बाई मराठी बोलतात आणि चिऊला दारापासून दूर, स्वतःच्या जवळ बसवतात. इतर मुले गाण्यावर टाळ्या वाजवतात तेव्हा ती आधी त्यांचे हात बघते, मग आपले हात जुळवते. आवाज होत नाही, पण हात बरोबर वेळेवर येतात.

आई, तुला दिव्यांगत्वाच्या दाखल्याची भीती वाटते, पोरीवर आयुष्यभराचा शिक्का बसेल म्हणतेस. पाच वर्षांखालच्या मुलाला ‘विकासात उशीर’ एवढेच निदान देतात, आणि पुढे वय वाढल्यावर पुन्हा तपासणी होते. सवलती आणि योजना त्या कागदाशिवाय मिळत नाहीत, तेव्हा तो घ्यायचा असे आम्ही दोघांनी ठरवले आहे.

तुम्ही दोघे सुट्टीत इकडे याल, तेव्हा एक गोष्ट सांभाळा. चिऊ हात धरून माठाकडे ओढते, तेव्हा लगेच पेला हातात देऊ नका. तिच्या उंचीला बसा, पेला आपल्या तोंडाजवळ धरा, ‘पाणी’ म्हणा आणि मनात दहापर्यंत मोजा. बऱ्याच वेळा ‘पा’ येते. नाही आले तरी पाणी द्यायचेच, तिला तहानलेली ठेवायचे नाही. बाबा, तुम्ही तिला मोबाईल दाखवता त्याऐवजी ओव्या म्हणा, गुरे-वासरे दाखवून नावे सांगा, एकच नाव पुन्हा पुन्हा. नवस किंवा दृष्ट काढणे मी अडवणार नाही, पण त्यासाठी उपचाराचा वार चुकवायला सांगू नका.

येताना तिच्या जन्माच्या वेळचे दवाखान्याचे कागद तुमच्या ट्रंकेतून शोधून आणा. दाखल्याच्या अर्जासोबत ते जवळ असलेले बरे. प्रकृतीची काळजी घ्या.

तुमची लेक