निर्वासितांसाठी कायदा कधी करणार?

संपादक साहेब, नमस्कार,

आपल्याकडे होड्यांवर नेपाळी खलाशी, आंब्याच्या बागेत नेपाळी राखणदार असतात, ते 1950 च्या भारत-नेपाळ करारामुळे रीतसर राहतात, पण बंदरावर गप्पा निघाल्या की हे, निर्वासित आणि चोरून आलेले सगळे एकाच माळेचे मणी करून टाकतात, ऐकून खरंच वाईट वाटतं.

जीव वाचवायला आलेल्या माणसासाठी आपल्या देशात वेगळा कायदाच नाहीये. 1951 च्या निर्वासित करारावर भारताची सही नाही. नागरिकत्वासाठी 1955 च्या कायद्यात अर्जाआधीचं सलग एक वर्ष आणि त्याआधीच्या 14 पैकी 11 वर्षं इथे काढायची अट आहे, पण पासपोर्ट-व्हिसा नसेल तर तो बेकायदा स्थलांतरित, म्हणजे अर्जच करता येत नाही. ज्याचं घर जाळलं, जो रातोरात पोरंबाळं घेऊन पळाला त्याने पासपोर्ट कुठून आणायचा??

2019 च्या दुरुस्तीने पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून 2014 संपेपर्यंत आलेल्या सहा धर्मांच्या लोकांसाठी 11 ची 5 वर्षं केली, त्यांचं भलं झालं, आनंदच आहे. पण श्रीलंकेतले तमिळ, म्यानमारचे लोक बाहेरच राहिले. त्याच म्यानमारचा थिबा राजा ब्रिटिशांनी आपल्या रत्नागिरीत आणून ठेवला, 1916 ला तो इथेच गेला, मुलूख सुटलेल्या माणसाचे हाल आपल्या गावाने बघितलेत हो.

शशी थरूर यांनी 2015 ला आश्रयाबद्दल खाजगी विधेयक मांडलं होतं, ते तसंच राहिलं. कोकणातल्या खासदारांनी हा विषय येत्या अधिवेशनात काढावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, रत्नागिरी