पुण्याचा कातळ आणि नदीकाठची हाडे

पुणे

प्रिय विनायक,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. नागपूरला बदली होऊन घर लागते न लागते तोच तू विचारतोस, की सुटीत भाच्याला घेऊन पुण्याला आलो तर इथल्या टेकड्यांवर त्याला एखादा जीवाश्म सापडेल का. टेकड्यांवर सापडणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण का सापडणार नाही आणि मग कुठे पाहावे, हे नीट सांगायचे तर पत्र लांबणार. तेवढे सहन कर.

वेताळ टेकडीपासून सिंहगडापर्यंत आपण लहानपणापासून ज्यावर चढलो-उतरलो तो सगळा कातळ लाव्हारसाचा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूकवचाला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून तो वर आला, पसरला, थिजला आणि त्यावर पुढचा लोंढा आला. झिजून झिजूनही आज त्याने सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापलेला आहे. कोयनेच्या परिसरात संशोधनासाठी खोल छिद्रे घेतली तेव्हा एके ठिकाणी सुमारे साडेबाराशे मीटर बेसॉल्ट, म्हणजे हाच थिजलेला लाव्हा, भेदल्यावर थेट ग्रॅनाइटी खडक लागला, मध्ये गाळाचा थर नव्हताच. उलट किल्लारीला १९९३ च्या भूकंपानंतर घेतलेल्या छिद्रात ३३८ मीटरवरच बेसॉल्ट संपला आणि खाली आठेक मीटर जुना गाळ मिळाला. पश्चिमेकडे लाव्हाची चळत जाड आणि पूर्वेकडे ती पातळ होत जाते, हे एवढ्यावरूनही ध्यानात येते.

हजार-अकराशे अंश तापमानाच्या या रसात कोणता जीव टिकणार? जीवाश्म हवे असतील तर दोन लोंढ्यांच्या मधल्या काळात तळी साचायला आणि त्यांत गाळ बसायला सवड मिळायला हवी, आणि आपल्या घाटांत ती फारशी मिळालेली दिसत नाही. इथे दोन थरांच्या मध्ये दिसतो तो विटकरी रंगाचा पट्टा. खंबाटकी घाटात रस्त्याच्या कडेला तो सहज दिसतो. बोट लावले तर गेरूसारखा रंग हाताला लागतो. लाव्हाचा माथा काही काळ उघडा पडून कुजला, वरून राख पडली आणि पुढच्या लोंढ्याने ते सगळे भाजले, असा तो थर. यात शंखशिंपले नाहीत, तरी मी याला कमी लेखणार नाही. सह्याद्रीतल्या अशाच तांबड्या थरांतून झिरकॉन या खनिजाचे डोळ्यांना न दिसणारे स्फटिक वेचून अलीकडच्या अभ्यासकांनी उद्रेकांचे वय काढले, आणि या लाव्हाचा बहुतांश भाग दहा लाखांहून कमी वर्षांत ओतला गेला असे दाखवले. डायनोसॉर नष्ट झाले तो काळही हाच असल्यामुळे घाटातल्या या तांबड्या पट्ट्यांवरून जगभर वाद चालू आहेत.

भाच्याला एक गोष्ट आधीच बजावून ठेव. खाणीतल्या दगडावर पुष्कळदा नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी दिसते, आणि उत्साही माणूस ते पान म्हणून घरी घेऊन येतो. ती मँगनीजच्या ऑक्साइडांनी दगडाच्या चिरेत काढलेली रांगोळी असते. पानाला मधोमध शीर असते आणि तिच्या दोन्ही अंगांना ठराविक क्रमाने पर्णिका असतात, तसे या नक्षीत काही नसते. मांजऱ्या, म्हणजे पोकळ्यापोकळ्यांच्या, दगडातल्या गोल गोट्याही अंडी नव्हेत. लाव्हातल्या वायूच्या पोकळ्या पुढे खनिजांनी भरल्या, एवढाच तो प्रकार. अर्थात त्या पोकळ्यांनीच वाघोलीच्या खाणींचे नाव जगभर केले. तिथले कॅव्हनसाइटचे गर्द निळे स्फटिक परदेशांतल्या संग्रहालयांतही मानाने मांडलेले असतात.

आता खरी गंमत अशी, की तू जिथे बसून मला हे विचारतो आहेस तीच जागा याबाबतीत पुण्यापेक्षा श्रीमंत आहे. नागपूरच्या टाकळीला स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याने १८५० च्या सुमारास लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात गोड्या पाण्यातल्या गोगलगायी, वनस्पती आणि किडे यांचे अवशेष शोधले. त्यांतला फायसा प्रिन्सेपी हा शंख ओळखायला सोपा: टोक वर करून तोंड आपल्याकडे धरले, तर बहुतेक शंखांचे तोंड उजवीकडे येते, याचे मात्र डावीकडे. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुऱ्याला तर डायनोसॉरची विष्ठाच दगड होऊन पडलेली आहे, आणि तिच्यात गवताचे सूक्ष्म अवशेष असल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. तोवर डायनोसॉरच्या काळात गवत होते हे कोणी फारसे मानत नसे.

पुण्याकडचे जीव पाहायचे तर टेकडी सोडून नदीकाठी उतरायला हवे, आणि काळही कोट्यवधींवरून हजारो-लाखो वर्षांवर आणायला हवा. प्रवरेकाठी नेवाशाला, गोदावरीकाठी पैठणजवळ काळेगावला आणि आपल्या घोड नदीच्या खोऱ्यातही गाळाच्या दरडींतून बॉस नामाडिकस या प्राचीन रानबैलाची हाडे निघाली आहेत. चाळीसगावजवळ पाटण्याला शहामृगाच्या अंड्यांची कवचे आणि त्यांचे मणी मिळाले. महाराष्ट्रात शहामृग होता हे ऐकून मी स्वतः दोन-तीन दिवस त्याच विचारात होतो. या सगळ्यात डेक्कन कॉलेजच्या मंडळींचे काम फार मोठे आहे.

मला स्वतःला सर्वांत ओढ आहे ती कुकडीकाठच्या बोरीची. जुन्नर तालुक्यातल्या या गावाजवळ नदीच्या दरडीत ज्वालामुखीच्या राखेचा फिकट थर आहे. चिमटीत चोळली तर ती पिठासारखी मऊ लागते आणि मग किंचित कचकचते, कारण ती काचेच्या सूक्ष्म कपच्यांची बनलेली आहे. तिच्या सान्निध्यात आदिमानवाची फार जुन्या घडणीची दगडी हत्यारेही मिळाली. पहिल्या कालमापनात तिचे वय सुमारे १४ लाख वर्षे निघाले, पुढे दुसऱ्यांनी सुमारे ६ लाख ७० हजार काढले, आणि राखेच्या रासायनिक घडणीवरून बऱ्याच अभ्यासकांनी ती सुमात्रातल्या तोबा ज्वालामुखीच्या ७४ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची ठरवली. मला तोबाचा पक्ष सबळ वाटतो. पण मग इतक्या जुन्या घडणीची हत्यारे तिच्याजवळ कशी, ती पाण्याने वाहून आली की राखच पुन्हा वाहून साचली, याचा उलगडा करावा लागतो. वाळूउपसा, वीटभट्ट्यांसाठी चाललेली मातीची उचल आणि शेतांचे सपाटीकरण यांत अशा दरडी सगळीकडेच ढासळत आहेत, आणि ढासळलेल्या दरडीतले हाड कोणत्या थरातले होते हे नंतर कोणालाही सांगता येत नाही.

म्हणून भाच्याला एवढे सांग, की हाड दिसले तर ओढून काढायचे नाही. शेजारी नाणे ठेवून फोटो घ्यायचा, जागा टिपून ठेवायची आणि जाणकारांना कळवायचे. पावसाळा संपून नद्यांचे पाणी उतरले की या. पहिल्या दिवशी खंबाटकी पाहू, दुसऱ्या दिवशी पहाटे निघून बोरी गाठू, आणि परतताना निघोजचे रांजणखळगेही होतील. त्याच्याजवळ चांगले भिंग नसेल तर आत्ताच घेऊन दे, राख पाहताना लागेल.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
माधव