पाडण्याआधी निदान मापं तरी घ्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या मे महिन्यात बेळगावच्या शहापुरातलं आमचं जुनं घर आम्ही पाडलं. ‘आम्ही’ हे मुद्दाम लिहितोय. जुनी घरं गेली की आपण रस्ता रुंदीकरणाला, स्मार्ट सिटीला, नाहीतर बिल्डरला बोल लावून मोकळे होतो. आमच्या दारात यांपैकी कुणीच आलं नव्हतं. तीन भावांच्या वाटण्या, गळकी कौलं आणि गाडी लावायला जागा नाही, एवढं कारण पुरलं.

जुनं लाकूड घेणारा व्यापारी आला, त्याने सोप्याचे, म्हणजे दर्शनी पडवीचे, सागवानी खांब घनफुटावर मोजले. दारावरच्या गणेशपट्टीकडे बघून म्हणाला, ‘नक्षीचा भाव वेगळा नाही, उलट रंधा मारायची मजुरी जाते.’ दुसऱ्या दिवशी सोप्यातली फरशी उखडली तर खाली हातमागाचा खड्डा निघाला. विणकर पाय सोडून बसतो, तो. आजोबांनी माग बंद केल्यावर बुजवला असणार. काठाचे दगड पाय घासून घासून गुळगुळीत झालेले. दुपारच्या जेवणाआधी जेसीबीने तो सपाट केला. मोबाईल माझ्या खिशातच होता, फोटो काढायचं सुचलं नाही!

शहापूर पूर्वी सांगली संस्थानात. आमची आजी शेवटपर्यंत ‘बेळगावात जाऊन येते’ असंच म्हणायची, वाट जेमतेम वीस मिनिटांची. विणकर आणि सराफांची ही पेठ. दोन्ही बाजूंना एका रेषेत कट्टे, मंगळुरी कौलांची उतरती छपरं, संध्याकाळी कट्ट्यावर माणसं. आज त्याच गल्लीत खाली शटर नाहीतर पार्किंगचे खांब, आणि बसायला कुठेच जागा नाही.

ज्यांना नाव आहे त्या वास्तू टिकतात. किल्ल्यातली १२०४ सालची कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, आहे. स्वामी विवेकानंद १८९२ साली रिसालदार गल्लीत ज्या भाटे यांच्या घरी उतरले, ते घर जपलं गेलं. टिळकवाडीतल्या १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाची विहीर आणि वीरसौध हे स्मारक शताब्दीच्या निमित्ताने पुन्हा सर्वांना आठवले. चांगलंच झालं. पण शहापूर म्हणजे काय, हे कळायला त्या बिननावाच्या घरांची ओळच लागते, आणि तिला कुणी वाली नाही. पाटी कुठल्या भाषेत असावी यासाठी आपण पिढ्यान् पिढ्या भांडतोय (मीही भांडलोय), पण ज्या भिंतीवर ती लावायची त्या भिंतीचं आपल्याला काही पडलेलं नाही.

घरं पाडूच नका, असं सांगायचा अधिकार मला उरलेला नाही. मागणी एवढीच: बांधकाम परवान्यासाठी नव्या घराचा नकाशा देतोच, त्याच्यासोबत पाडायच्या घराचाही मापांसह साधा नकाशा आणि आतबाहेरचे दहा-बारा फोटो घ्यावेत. मापं घ्यायला आर्किटेक्चरच्या मुलांना सांगितलं तर ती आनंदाने येतील. एक प्रत शहरातल्या एखाद्या वाचनालयात ठेवावी. मालकाचा यात एक दिवस जाईल.

गणेशपट्टी मी विकली नाही. गच्चीवर ताडपत्रीखाली ठेवली आहे, पावसाळ्यात तिला वाळवी लागायची भीती आहे. कुणी संस्था नीट सांभाळणार असेल तर पैसे न घेता देईन.

आपला,
एक वाचक, शहापूर, बेळगाव