जिद्द नव्हे, हेका

माननीय संपादक,
स. न.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात ‘दोन्ही बाजूंची जिद्द कायम, बोलणी फिसकटली’ असा मथळा वाचला. मी 28 वर्षं मुद्रितशोधनाचं काम केलं, त्यामुळे डोळा तिथेच अडला.

मराठीत जिद्द वाईट नसते. मूळ अरबी शब्दाचा अर्थ ‘विरुद्ध, उलट’. हिंदीतली ‘जिद’ आजही हट्टीपणाच आहे. मराठीने मात्र तोच शब्द घेऊन त्यात चिकाटी भरली. बातमी हिंदीतून मराठीत येताना ‘जिद’ची ‘जिद्द’ होते आणि दोष होता तिथे कौतुक छापून येतं. बोलणी मोडणाऱ्यांनी जिद्द दाखवली नाही, त्यांनी हेका धरला.

हेका घरगुती शब्द म्हणून छापायला आपण कचरतो, ‘ताठर भूमिका’ लिहून मोकळे होतो. पण त्याचं काम हट्टसुद्धा करू शकत नाही. हट्टाला काहीतरी हवं असतं. ते मिळालं की तो शमतो, म्हणून हट्ट पुरवता येतो. हेका पुरवला, असं कुणी म्हणतं का? तो धरतात, चालवतात, फार तर सोडतात. आपलंच खरं व्हावं, एवढंच त्यात असतं. बालहट्ट, राजहट्ट हे शब्द झाले, हेक्याला तसं कौतुकाचं नाव मिळालं नाही. फारसी ‘खोर’ मात्र चिकटला, आणि हेकेखोर जाऊन बसला भांडखोर, लाचखोर यांच्या पंगतीत.

पक्षाघातानंतर माझे यजमान खिडकीशी बसवा म्हणून पहाटेपासून मागे लागत. तो हट्ट, आम्ही पुरवायचो. उजवा पाय उचलत नसताना घामाघूम होईतो व्यायाम करत, ती जिद्द. आणि काठी हातात घेणार नाही म्हणजे नाही, भिंत धरून जाईन, हा हेका. त्यापायी दोनदा पडले. मदतीला येणाऱ्या बाई त्यांना ‘हेकेखोर’ म्हणाल्या तेव्हा मला राग आला होता. शब्द त्यांनी अचूक वापरला होता. डॉक्टर ‘फार जिद्दी आहेत’ म्हणाले, तेही खरंच होतं. दोघांच्या तोंडी एकच शब्द असता, तर यांच्याशी काठीवरून भांडायचं आणि व्यायामात आड यायचं नाही, हे मला उमगलं नसतं.

मथळ्याला जागा अपुरी असते, हे मी जाणते. हेका दोनच अक्षरांचा आहे. तो छापावा, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त मुद्रितशोधक