स्लाईडच्या टपावर कापड घालायचं का नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीतला कॅराव्हॅनवरचा, म्हणजे चाकांवरच्या घरांवरचा, लेख इथे ह्यूस्टनजवळ बसून फोनवर वाचला. महाराष्ट्र सरकारने 2021 ला कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हापासून आमच्या घरच्या ग्रुपवर अधूनमधून कोणीतरी विचारतंच, तुझ्याकडे गाडीमागे ओढायचा राहण्याचा ट्रेलर आहे ना, कसं असतं रे ते, आणि धाकट्या पुतण्याने तर पुण्यात कुठल्यातरी वर्कशॉपला जाऊन चौकशी पण करून ठेवलीय. लेख छान होता, फोटो तर फारच. फक्त स्लाईड-आऊटबद्दल बटण दाबलं की खोली मोठी होते एवढं सांगून लेखक पुढे गेले आणि तिथे मला राहवेना, कारण बटण काय कोणीही दाबेल, बाहेर गेलेल्या त्या खोलीच्या टपावर जे साठतं त्याचं काय करायचं या एका प्रश्नावर मी गेलं वर्षभर डोकं खाजवतोय.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. स्लाईड म्हणजे कपाटाचा खण समजा, ट्रेलर उभा केला की भिंतीतून सोफा-टेबलासकट एक अख्खा खण बाहेर सरकतो, निघायच्या वेळी परत आत. 1990 मध्ये इंडियानातल्या न्यूमार कंपनीने ही टूम काढली आणि आता इथे स्लाईड नसलेला मोठा ट्रेलर शोधावा लागतो. खणाच्या चारी बाजूंनी रबर असतं, एक फुगीर, जे बंद झाल्यावर दाबलं जातं, आणि एक जिभेसारखं लोंबणारं, ते गाडीच्या वायपरसारखं टपावरचं पाणी पुसत राहतं. सगळी मदार या जिभेवर. जीभ पाणी पुसते, पण पानं, काड्या, पाईनच्या सुया, असलं काही आलं की त्यावरून नुसती घसरते आणि तो कचरा खणाबरोबर सरळ घरात.

आमचा ट्रेलर अठ्ठावीस फुटी, सेकंडहँड घेतलेला, त्याला दोन स्लाईड. एक बारा फुटांची मोठी आणि बेडरूममध्ये कपाटाची छोटी. वर कापड नव्हतं. इथे या कापडाला टॉपर म्हणतात, स्लाईडच्या बाहेरच्या कडेला स्प्रिंगचा रोलर आणि त्याच्या कापडाचं दुसरं टोक ट्रेलरच्या भिंतीवरच्या पट्टीत अडकवलेलं, स्लाईड बाहेर गेली की आपोआप उलगडतं आणि आत आली की गुंडाळलं जातं, मोटर वगैरे काही नाही. आधीच्या मालकाने का बसवलं नाही विचारलं तर तो म्हणाला मी झाडाखाली कधी थांबतच नाही. तेव्हा मला ते मोठं शहाणपणाचं वाटलं होतं.

मग मागच्या मार्चमध्ये आई सांगलीहून आली होती म्हणून तिला घेऊन रॉकपोर्टजवळच्या गूज आयलंड स्टेट पार्कात गेलो. तिथे एक हजार वर्षांहून जुना ओक आहे, नुसतं बिग ट्रीच म्हणतात त्याला, आईला तो बघायचा होता. टेक्सासचे हे लाईव्ह ओक म्हणजे भलतेच, बाकीची झाडं पानगळीत पानं टाकतात आणि हे थंडीभर हिरवेगार राहून ऐन वसंतात, फेब्रुवारी-मार्चला, जुनी पानं एकदम झटकून टाकतात, वर त्या पिवळ्या तुऱ्यांचा भुगा. आमची जागा अशाच तीन ओकांच्या खाली होती, सावली बघून मीच निवडलेली. दुसऱ्या रात्री पाऊस झाला. सकाळी निघायची घाई, शिडी काढायचा कंटाळा केला, म्हटलं जीभ आहे की, पुसेल, आणि दाबलं बटण. स्लाईड आत येता येता करकर असा आवाज आला, मी दुर्लक्ष केलं. घरी येऊन उघडली तर जीभ एका ठिकाणी उलटी दुमडलेली, तिच्याखाली ओल्या पानांचा हातभर लांब लगदा, आणि त्यातून वाट काढून पाणी सोफ्यावर, म्हणजे आईच्या अंथरुणावर. आई म्हणाली, "अरे, कृष्णेचं पाणी दारात आलेलं बघितलंय मी, या थेंबाचं काय घेऊन बसलास. पण वर काहीतरी घाल बाबा."

वर काहीतरी घाल हे सोपं, पण घालावं का यावर इथली जनता दोन तटांत विभागलेली आहे आणि दोघांचंही खरं आहे, हीच पंचाईत.

कापड घातलं की पानं, चीक, पक्ष्यांची घाण वरच्यावर अडते, स्लाईड आत येताना कापड गुंडाळलं जातं आणि कचरा बाहेरच्या बाजूला पडतो. रबरावर ऊन पडत नाही, टेक्सासच्या उन्हात रबर चिरफळ्या होऊन जातं तेव्हा ही बाब लहान नाही. आत थोडं गारही राहतं म्हणतात, मला तो फरक फार जाणवेल असं वाटत नाही, पण असो.

आता दुसरी बाजू. तुम्ही गणपतीच्या मांडवावरची ताडपत्री बघितली असेल, पाऊस झाला की तिला पोट सुटतं, मग एक कार्यकर्ता बांबू घेऊन खालून ढोसतो आणि ते पाणी बरोबर कुणाच्या तरी डोक्यावर. हे कापड अगदी तसंच. आमच्या शेजारच्या जागेत ओक्लाहोमाचे एक आजोबा होते, रिटायर्ड, त्यांच्या टॉपरला त्या पावसात एवढं मोठं पोट आलं होतं की बघून भीती वाटावी, पण ते शांतपणे आले, ट्रेलरची पुढची बाजू जॅकने चार बोटं खाली केली, पाणी घरंगळत एका टोकाला आलं आणि पडलं. मग स्लाईड निम्मी आत घेऊन थांबले, उरलेलं पाणी पडू दिलं, पुन्हा बाहेर, मग पूर्ण आत. मला म्हणाले घाई करणाऱ्याने हे घेऊ नये. मी तेव्हा हसलो, दोन तासांनी माझ्याच स्लाईडमध्ये लगदा अडकला.

पाण्यापेक्षा वारा वाईट. अमारिलोजवळच्या पालो ड्युरो कॅनियनला गेलो होतो तेव्हा रात्री दोनला फडफड सुरू झाली, तो सगळा भाग वाऱ्याचाच, शेजाऱ्याचं कापड असं वाजत होतं की कोणी ओलं लुगडं दगडावर आपटतंय. शेवटी त्याने उठून स्लाईड आत घेतली, म्हणजे बायको-पोरांना उठवून सोफ्यावरून हलवून, आणि सगळे दाटीवाटीत झोपले. आमच्यावर कापड नव्हतं तर आम्ही ढाराढूर. हायवेवर पण तेच, बाजूने मोठा ट्रक गेला की वारा गुंडाळलेल्या कापडात शिरतो आणि ते फुगून उलगडायला बघतं, म्हणून रोलर फिरू नये असं लॉक असलेलंच घ्यावं.

थंडीचा त्रास इथे सहसा नाही, पण 2021 च्या फेब्रुवारीत टेक्सास गोठलं आणि दिवसच्या दिवस लाईट नव्हती तेव्हा आमचे एक स्नेही ट्रेलरमध्ये गॅसच्या हीटरवर राहिले. त्यांच्या टॉपरच्या पोटातलं पाणी तिथेच गोठलं आणि बर्फ वितळेपर्यंत स्लाईड हलवायची सोयच राहिली नाही. त्यांना तसंही कुठे जायचं नव्हतं म्हणा.

खर्चाचं सांगतो कारण लेखात आकडे नव्हते. मोठ्या स्लाईडचं सामान साधारण 300 डॉलर आणि दोन्ही स्लाईड बसवून द्यायचे एका डीलरने 1100 सांगितले. कापड काही जन्माला पुरत नाही, आधी शिवणीचा दोरा उन्हाने कुजतो, मग वाऱ्याने फाटतं, पाच-सात वर्षांत बदलायचं धरून चालायचं. त्या डीलरकडचा माणूस भिंतीवरची पट्टी नुसती स्क्रू मारून बसवतो हे मी स्वतः दुसऱ्याच्या ट्रेलरवर बघितलं, मागे ब्युटाईलची चिकट टेप नाही की काही नाही. म्हणजे गळती थांबवायला गेलो आणि भिंतीला बारा भोकं पाडून नवी गळती करून घेतली! फायबरग्लासची भिंत आतून भिजली की तिला फोड येतात आणि मग ट्रेलरची किंमत निम्म्यावर. तेव्हा तिथे करायचं नाही हे लगेच ठरलं.

हिचं म्हणणं वेगळंच होतं. ही म्हणाली आपण वर्षातून किती रात्री बाहेर असतो ते मोज. मोजल्या, सव्वीस. त्यातल्या झाडाखाली किती, अठरा. आणि त्या अठरांपैकी शिडी लावून टप झाडलास किती वेळा, असं विचारल्यावर मी चहा करायला उठलो. लांब दांड्याचा झाडू आहे, पानं उडवायचा ब्लोअर आहे, पण ओली पानं ब्लोअरला दाद देत नाहीत आणि झाडूने ढकलली तर ढकलल्या जागी चिकटतात, ती हातानेच उचलावी लागतात, रविवारी सकाळी अकराला जागा सोडायची असताना भिजलेल्या शिडीवर उभं राहून. माझं वय बावन्न. माझ्या बाबतीत खरा हिशोब हाच निघाला. जो माणूस दरवेळी न कंटाळता टप झाडेल त्याला कापडाची गरज नाही, झाडू पुरतो, फडफड नाही की पोट नाही. मी तो माणूस नाही.

म्हणून मोठ्या स्लाईडला घालायचं ठरवलं आणि छोटीला नाही, तिचा टप जमिनीवरून झाडूने पोचतो. मागच्याच शनिवारी एका मित्राला घेऊन बसवलं. पट्टीमागे टेप, प्रत्येक स्क्रूवर सीलंट, सगळं केलं. स्लाईडच्या बाहेरच्या चौकटीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत मोजायचं असतं, मी पहिल्यांदा नुसता खण मोजला होता आणि आखूड मागवणार होतो, मित्राने वाचवलं. रोलरची स्प्रिंग पिळताना मात्र जपून, कंपनीने सांगितलेत तेवढेच वेढे आणि पिन घातल्याशिवाय हात सोडायचा नाही, ती सुटली तर बोटं जातील.

पुतण्याला आणि तुमच्या वाचकांपैकी जे कोणी गाडी बांधून घ्यायच्या विचारात असतील त्यांना एवढंच की स्लाईडचं बटण दाखवणाऱ्याला आधी टपावर चढायला सांगा. टपाला उतार आहे का, जीभ कुठली, बदलायची झाली तर मिळते का, आणि कोकणात आंब्याखाली दोन दिवस पावसात उभी राहिली तर सकाळी आत कशी घेणार, हे विचारा. आमच्याकडे पाऊस होतो तो तासाभराचा, तुमच्याकडे आगोटीनंतर चार महिने पोटातलं पाणी काढत बसावं लागेल, तिथे मला वाटतं स्लाईडच नको, बाहेर चांगली कनात लावा आणि खुर्च्या टाका.

पत्र लांबलंय, जागेअभावी काटछाट केलीत तरी चालेल. फक्त एक राहिलं ते तेवढं छापा, रबराला घरातलं खोबरेल किंवा गाडीचं ग्रीस कोणी लावू नका, रबरासाठीचा कोरडा सिलिकॉन स्प्रे मिळतो तोच मारा. मी पहिल्या वर्षी ग्रीस लावलं होतं. सगळी धूळ आणि पिवळा भुगा त्याला जाऊन बसला आणि आईच्या पांढऱ्या चादरीवर त्याची जी काळी रेघ उमटली ती अजून निघालेली नाही.

आपला,
एक नियमित वाचक,
ह्यूस्टन, टेक्सास